बाविसावी जोडी

ग्रँट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक लाकडी दुमजली घर.
पाटी नाही. पोर्चवर फक्त
बर्फाचे बूट, मोजले तर एकवीस जोड,
आणि भिंतीला टेकवलेलं फावडं,
ज्यानं भन्तेजींनी पहाटे
स्वतःच वाट मोकळी केली होती.
माझी जोडी बाविसावी.

आत रेडिएटर म्हाताऱ्यासारखा खोकत होता.
मूर्तीच्या डोक्यामागं रंगीत दिव्यांचं वलय
लुकलुकत फिरत होतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं.
हसू आलं. मग लाज वाटली.
पुलगावच्या विहारात आमचा बुद्ध सिमेंटचा,
निळ्या भिंतीपुढं बसलेला,
त्याच्यावर लायटिंग फक्त वैशाख पौर्णिमेला,
तीही मंडपवाल्याची जुनी उधारी फिटली असेल तर.

वंदना सुरू झाली. शब्द सगळे ओळखीचे,
पण कुणीतरी त्यांचे दात बदलून दिलेले.
मी म्हणते सरणं, त्या म्हणतात थरणं.
माझा स खोलीभर एकटाच फुसफुसला.
शेजारच्या दॉ न्युंट यीनं
एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं.
पुढच्या ओळीला मी थ म्हटला,
नेमका तेव्हाच तिनं स म्हणून पाहिला.
दोघीही चुकलो.

मग ती मला बाजारात घेऊन गेली.
पूर्वी तिथं टायरचं गोदाम होतं, वास अजून छतात आहे,
खाली सुकटीचा. नाक एकदम
माहेरच्या बुधवारच्या बाजारात जाऊन उभं राहिलं.
काँगोची बाई रताळी तोलत होती,
पोरं फोनचं कार्ड मागत होती.
दॉ न्युंट यीच्या गाळ्याच्या खांबाला
लाल फडकं बांधलेला नारळ टांगलेला:
घराचा राखणदार, म्हणाली,
मूळचा तिकडंच राहिला,
हा इथं घेतला, मेक्सिकोचा आहे.

मी दोन पावलं मागं सरले असेन.
मी सहा वर्षांची होते, बापानं देव्हाऱ्यातले टाक
पोत्यात भरून वर्धा नदीत सोडले तेव्हा.
पोत्याला गाठ मारायला दोरी मीच धरली होती.

तिनं फ्रीजरमधून हिरवी वीट काढली.
उन्हाळ्यात परसात लावलेली, देठ लाल.
छिन बाउंग, ती म्हणाली.
अंबाडी, मी म्हणाले.
एकेक पान सोडवून दोघींनी तोंडात टाकलं.
आधी नुसता बर्फ,
मग त्याच्यामागून चालत आलेला तो आंबटपणा.
डोळे मिटले. तिचेही.

नदीपर्यंत ती सोबत आली.
पुलापलीकडं कॅनडा, तिथं दिवे लागले होते.
मी पूल ओलांडला तर परत येता येणार नाही,
माझे कागद कुठल्याशा टेबलावर पडून आहेत.
तिनं एक नदी ओलांडली आहे. रात्री,
गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर पातेलं.
पातेल्यात काय होतं, मी विचारलं.
पातेलंच होतं, म्हणाली.
मला आमच्या गावची वेस आठवली,
आमची घरं तिच्या बाहेर.
तिला वेस कसं सांगायचं, सुचेना.
मी हातानं हवेत एक रेघ ओढली
आणि रेघेच्या अलीकडं आम्हा दोघींना दाखवलं.
तिनं मान हलवली. कळलं असेल.
किंवा थंडी वाजत असेल.

रात्री घरी फोन लावला.
वीट सिंकमध्ये पाझरत होती.
आई म्हणाली, कण्या टाक ज्वारीच्या.
ज्वारी नाही, म्हटलं.
मग तुरीची डाळ, आणि लसूण हात आखडून नको.
तिकडं विहार आहे म्हणतेस?
आहे. बर्फात बूट काढून जावं लागतं.
मागून बापाचा आवाज आला:
वंदना आपल्यासारखीच घेतात का?
आपल्यासारखीच, म्हटलं.
थोडा उच्चार वेगळा.

नारळाचं मात्र सांगितलं नाही.